हजेरीपटावर नसलेले

बॉक्सिंगमध्ये फेरी सुरू होण्याआधी पुकारा होतो, ‘सेकंड्स आऊट’. टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात थांबलेले मदतनीस म्हणजे सेकंड. त्यांनी दोरखंडाखालून बाहेर पडायचं, मग घंटा. जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडने ऑक्टोबर १९७७ मध्ये आलेल्या आपल्या दुहेरी लाइव्ह अल्बमला नेमकं हेच नाव दिलं, आणि मिक्सिंग चालू असतानाच गिटारवादक स्टीव्ह हॅकेट बँड सोडून गेला. नाव ठेवणाऱ्याच्या जिभेवर काळा तीळ असावा.

बहुतेक रेकॉर्डिंग पॅरिसच्या पॅले दे स्पोर्तमधलं, जून १९७७ चं. मूळ गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्येच बँड सोडून गेलेला. त्याची गाणी आता ड्रमवाला फिल कॉलिन्स म्हणतोय, आणि तो माइकपाशी असताना मागे ड्रम वाजवायला चेस्टर थॉम्पसन आहे. म्हणजे ऐकायला बसलं की आधी हजेरी घ्यावी लागते.

ही हजेरी घ्यायला उत्तम जागा म्हणजे दोन तबकड्यांच्या चार बाजूंपैकी तिसरी बाजू. तिच्यावर एकच रचना आहे, ‘सपर्स रेडी’, साडेचोवीस मिनिटांची. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखाने मावतात. त्यापुढे खोबणी एकमेकींजवळ सरकवाव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरते. (दुसरी बाजू तर सव्वीस मिनिटांकडे जाते, पण तिथे चार गाणी असल्याने कुणी हिशेब करत नाही.) शिवाय तबकडी मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, कडेलाही आणि मध्याजवळही तेवढेच. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलाजवळ जेमतेम २०. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला. आणि ही रचना अशी, की सगळी चढण शेवटच्या पाच मिनिटांत! कॉलिन्सचा आवाज सर्वांत वर जातो तेव्हाच ‘स’ आणि ‘श’ खरखरायला लागतात.

यात रेकॉर्डला दोष देण्याआधी सुई बघावी. गोल टोकाची सुई आतल्या अरुंद वळणांत नीट शिरत नाही; लंबगोल किंवा त्याहून बारीक धारेची शिरते. मग कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, कोन कागदी प्रोट्रॅक्टरवर (कोनमापकावर) दोन्ही खुणांपाशी जुळतोय का ते पाहायचं. सुईचा भार छोट्या तराजूवर मोजायचा. तो कार्ट्रिजच्या कागदावर दिला असेल तेवढाच ठेवायचा, पुष्कळदा दोन ग्रॅमच्या आसपास असतो. ‘जपून’ म्हणून भार कमी ठेवणारे जास्त नुकसान करतात, कारण हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

एवढं झालं की ‘सपर्स रेडी’तल्या नऊ मात्रांच्या भागाकडे यावं. माइक रदरफोर्डचा बेस आणि ड्रम मिळून तीन-दोन-चार असे नऊ मोजतात, न थकता. कीबोर्डवाल्या टोनी बँक्सचा ऑर्गन मात्र त्या नवाला जुमानत नाही. तो आपल्याच मापाने वर हिंडत राहतो. तबल्याच्या लयकारीवर कान तयार झालेल्याला इथे अर्थ सांगावा लागत नाही. बोटांवर नऊ धरावेत आणि तो समेवर कधी येतो याची वाट पाहावी. चौथ्या बाजूवरच्या ‘डान्स ऑन अ व्होल्कॅनो’चे सात त्या मानाने सरळ, रूपक ताल मोजणाऱ्याला घरचे.

गैरहजेरी काही वेळा वाद्याचीही असते. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ स्टुडिओत एका लांब पियानोने सुरू होतं. इथे तो पियानोच नाही, थेट गाणं. बँक्सकडे स्टेजवर आरएमआय कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो होता. त्याच्या पट्टीवर बोट हलकं पडलं काय नि जोरात पडलं काय, आवाज तेवढाच. पाण्यासारखी चढउतार करणारी सुरावट त्यावर वाजवणं म्हणजे टाइपरायटरवर मोडी काढणं. पुढे हॅकेटचा गिटार एकल येतो आणि ती उणीव विसरायला होते. एकेक स्वर इतका लांब धरलेला की तो संपेपर्यंत श्वास सोडवत नाही. बाकी अल्बमभर मात्र गिटार बरीच मागे आहे. जाणाऱ्याची भांडी आधीच वेगळी काढून ठेवल्यासारखी वाटतात, मग कुणी काहीही खुलासा देवो.

चौथ्या बाजूचं पहिलं गाणं ‘द सिनेमा शो’ मात्र १९७६ च्या दौऱ्यातलं, आणि तिथे ड्रमवर बिल ब्रूफर्ड. येस आणि किंग क्रिम्सन या बँडमधून आलेला हा माणूस एका दौऱ्यापुरता पाहुणा. त्याचा स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारावी तसा टणत्कारतो. थॉम्पसनचा ठोका जड, खाली बसणारा. ‘आफ्टरग्लो’च्या शेवटी थॉम्पसन आणि कॉलिन्स मिळून जो दणका देतात, तो फ्रँक झॅपाच्या बँडमधून आलेला आहे, थॉम्पसन आधी तिथेच होता. पहिल्या बाजूचं ते शेवटचं गाणं लावून लगेच चौथी बाजू लावावी. दोन ड्रमवाल्यांतला फरक दहा मिनिटांत कळतो.

मोबाइलवर ऐकणार असाल तर क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर आणा आणि गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडू देणं) चालू ठेवा. नाहीतर ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’मधून ‘द म्युझिकल बॉक्स’च्या शेवटच्या तुकड्यात शिरताना मधे भोक पडतं, आणि ‘लॉस एन्डोस’आधीची ड्रमची जुगलबंदी अर्ध्यात चिरली जाते. पुढचा स्टुडिओ अल्बम १९७८ चा. नाव, ‘अँड देन देअर वेअर थ्री’.