बाईंना माती दिली

शनिवार, रात्री साडेदहा

आजच लिहून ठेवते. उद्यावर टाकलं तर निम्मं निसटून जाईल.

काल संध्याकाळी दादाचा फोन आला, आईच्या आणि माझ्या शाळेतल्या बाई गेल्या. त्यांच्या चर्चच्या मंडळीकडून आलेल्या निरोपात 'प्रभूमध्ये झोपी गेल्या' असं लिहिलं होतं. आईला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत बसली होती. सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "सकाळी किती वाजता निघायचं?" रडली नाही. रात्री पाण्याला उठले तेव्हा मात्र तिच्या खोलीत दिवा होता.

सहाला पुणं सोडलं. दादा गाडी चालवत होता, आई त्याच्या शेजारी, मी आणि लेक मागे. शिरूरला घोड नदी ओलांडली, नगर जिल्हा लागला, आणि आई बोलायला लागली. (अहिल्यानगर नाव झालंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय.) ७२च्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला जायचे. घरात खाणारी तोंडं सहा. कुणीतरी सांगितलं की नगरला मिशनच्या शाळेत मुलींचं बोर्डिंग आहे, दोन वेळचं जेवण मिळतं. दहा वर्षांच्या आईला आजोबांनी तिथे नेऊन सोडलं. बाई तेव्हा मुख्याध्यापिका नव्हत्या, नुकत्याच लागलेल्या शिक्षिका होत्या. पहिल्याच रविवारी त्यांनी आईला पायरीवर पुढ्यात बसवलं, डोक्याला रॉकेल चोपडलं आणि दुपारभर फणी फिरवून उवा काढल्या. "माझ्या आईनंसुद्धा एवढा वेळ दिला नव्हता," आई म्हणाली. "तिला वेळ होता कुठं?"

पुढची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण आज लेकीनं पहिल्यांदा ऐकली. आषाढी एकादशीला आईनं बोर्डिंगात उपास धरला. घरी माळकरी बाप, तिला दुसरं काही सुचेना. ताटावर बसायला तयार नव्हती म्हणून बाकीच्या मुली हसल्या. बाई आत गेल्या आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा घेऊन आल्या. पुढं दर वर्षी आषाढीला ती वाटी ठरलेली. आई दहावी होऊन बाहेर पडली तोवर बाईंनी तिला एकदाही धर्म बदल म्हणून सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लोक आईला अजूनही हाच प्रश्न विचारतात.

मीसुद्धा त्याच शाळेत शिकले, पाचवी ते दहावी. तोवर बाई मोठ्या बाई झाल्या होत्या. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषण त्या स्वतः करायच्या. सिंथिया फॅरार नावाच्या अमेरिकन बाई १८३९मध्ये नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२मध्ये इथंच वारल्या. जोतीरावांनी त्यांच्या शाळा पाहिल्या होत्या, सावित्रीबाईंनी नगरलाच त्यांच्याकडे शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. हे सांगून झालं की बाई मैदानाकडे बोट करायच्या आणि म्हणायच्या, "ही वाट तुमच्या पायाखाली आहे, पोरींनो." तेव्हा उन्हात उभं राहून पाय दुखायचे. आज चर्चच्या फाटकातून आत शिरताना ते बोट आठवलं आणि घशात आवंढा आला.

आत बसायला जागा नव्हती. पंचा-टोपीतले म्हातारे, वर्दीतला एक पोलीस, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. "पेटी आली, पेटी आली" असं कुणीतरी हळूच म्हणालं तसं लेकीनं विचारलं, "वाजवायची?" मी तिचा हात धरला. पांढऱ्या फुलांखाली बाईंची शवपेटी चौघांनी आणून पुढे ठेवली. आणि थोड्या वेळानं वाजवायची पेटीही खरंच सुरू झाली, तबल्यासोबत. तेविसावं स्तोत्र वाचून झालं आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन लागलं.

आई गायला लागली. हातात पुस्तक नाही, डोळे मिटलेले, शब्दन्‌शब्द पाठ. बोर्डिंगात रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला म्हटलेलं. शेजारच्या बाईनं आपलं पुस्तक तिच्यापुढे धरलं होतं, ते तिनं हळूच मिटलं. आजोबा पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा दाराबाहेर उभं राहून त्यांनी हेच ऐकलं होतं आणि म्हणाले होते, "चाल आपलीच हाय की." रेव्हरंड टिळकही म्हणत, की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या कानाला कळलं.

दफनभूमीकडे सगळे चालत निघाले तशी आई थबकली. "मी येऊ?" तिनं मलाच विचारलं. बाईंची भाची मागून येत होती. म्हणाली, "ताई, चला ना. तुम्ही तर त्यांच्या पहिल्या मुली."

पाळकांनी प्रार्थना केली, पेटी दोरांवर खाली गेली. मग एकेकानं मूठमाती द्यायची. आई वाकली. मुरमाड, खडेवाली माती. तिनं मुठीतले खडे बोटांनी चाचपून एकेक बाजूला काढले, तशीच जशी ती ज्वारी निवडते. मागे रांग थांबली होती, कुणी घाई केली नाही. उरलेली मऊ माती तिनं अगदी खाली वाकून सोडली, आवाज होऊ नये म्हणून. तेव्हा रडली.

परतताना सुप्याच्या आसपास लेकीनं विचारलं, "आजी, पणजोबांना पण तू अशी माती दिली होतीस?"

"नाही गं. बायकांना नेत नाहीत आपल्यात. मी उंबऱ्याशी उभी होते."

कुणीच काही बोललं नाही. दादानं गाडीचा वेग जरा कमी केला, का ते त्यालाच ठाऊक.

मला एक गोष्ट सलतेय. दिवाळीत बाईंचा फोन आला होता, "आईला घेऊन ये एकदा, फराळ ठेवलाय." येते म्हणाले आणि गेले नाही. कामं होती, असं म्हणायची सोय आहे, पण ती कामं कोणती होती ते आज एकही आठवत नाही.

मयतीहून आलो की आई दारातूनच थेट न्हाणीघरात जाते, कशालाही न शिवता. आज बाहेरच्या खुर्चीत बसून राहिली. मी पाणी तापवलं, दोनदा सांगितलं. "जाते," म्हणाली. उजव्या हाताची नखं अजून मातीनं भरलेली होती. नऊ वाजून गेले तेव्हा उठली.

आता आतून आवाज येतोय. लेकीला ते भजन शिकायचंय. दुसऱ्या कडव्याला ती अडखळते आणि आई पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.