विजयदुर्गच्या खाडीत सुकाणूची गळती

डिसेंबरात रत्नागिरीहून दक्षिणेला निघालं की दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो. लाटा मागून येतात, बोट वेग घेते आणि तिची पिछाडी पाण्यात बसते. आमच्या ३४ फुटी शिडाच्या बोटीच्या मागच्या कप्प्यात पाणी साठू लागलं ते याच टप्प्यात. नांगरावर असताना तिथे टिपूसही नव्हता. सुकाणूचा शाफ्ट, म्हणजे उभा दांडा, ज्या नळीतून वर येतो तिचं तोंड जेमतेम पाण्याच्या रेषेवर असतं, म्हणून गळती वेगातच दिसते.

आधी कप्पा कोरडा पुसला आणि आलेलं पाणी चाखून पाहिलं. खारं होतं, म्हणजे टाकीतलं गोडं पाणी नव्हे. नळीच्या तोंडाशी ग्लँड असतं: शाफ्टभोवती दोरीचे वेढे, म्हणजे पॅकिंग, आणि ते दाबून धरणारा नट. त्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळला. तो आधी नटाच्या वरच्या काठाशी भिजला, म्हणजे पाणी पॅकिंगमधूनच येत होतं.

विजयदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला, वाघोटण खाडीत नांगर टाकला. पलीकडे गिर्ये गावाजवळ आंग्र्यांची खडक खोदून केलेली गोदी आहे, पण या कामाला बोट पाण्याबाहेर काढायची गरज नसते. २० लिटरचे सहा भरलेले कॅन आणि दोन माणसं नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला हलवली. पिछाडी चार बोटं वर आली आणि नळीचं तोंड पाण्याच्या वर सुटलं. तरी तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप तपासून, चिंध्या हाताशी ठेवूनच नट उघडला.

नट सोडायला दोन पाने (स्पॅनर) लागतात. एकाने खालचा भाग धरायचा, नाहीतर लॉकनट सोडताना फायबरची नळीच पिळवटते. जुनं पॅकिंग वाकड्या हुकाने, शाफ्टला ओरखडा न पाडता, सगळं काढायचं. जेटीवर बहुतेक जण वरून एक नवा वेढा कोंबतात. तळाचे वेढे कडक झालेले असतात, त्यामुळे पाणी काही थांबत नाही.

शाफ्ट ४० मिलिमीटर, ग्लँडचा आतला व्यास ५६. फरकाचा अर्धा म्हणजे ८ मिलिमीटरची दोरी. पंपाच्या दुकानात ग्लँड दोरी मिळते, पण काळी ग्रॅफाइटची नको. खाऱ्या पाण्यात ती स्टेनलेस स्टील खाते. शाफ्टवर गुंडाळून, तिरका छेद देऊन तीन वेगळे वेढे कापले. सलग मळसूत्री वेढा दिला तर पाण्याला वाटच मिळते. प्रत्येक वेढ्याला वॉटरप्रूफ ग्रीस चोळलं, सांधा आधीच्या सांध्यापासून १२० अंशांवर ठेवला आणि उभ्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ठोकून बसवला.

नट हाताने आवळून वर पान्याने अर्धा फेरा. मग सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवायचं आणि आणखी पाव फेरा. इंजिनाच्या पंख्याच्या शाफ्टचं ग्लँड थंड राहायला थोडं ठिबकावं लागतं. सुकाणूचा शाफ्ट गरगर फिरत नाही, त्यामुळे इथे एक थेंबही चालवून घेऊ नये. टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, जड लागला तर मात्र जास्त आवळलंय, ऑटोपायलटची बॅटरी त्यातच संपते.

पॅकिंग काढलेलं असतानाच शाफ्ट नखाने तपासावा. ओल्या पॅकिंगखाली हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेसलाही खड्डे पडतात. खड्डा नखाला अडकला तर नवी दोरी फार टिकत नाही. डिंगीत (छोट्या होडीत) बसून सुकाणूचं खालचं टोक आडवं हलवायचं. आत खडखड वाजली तर बेअरिंग झिजलंय. मग हे काम गोव्यापर्यंतचंच, पुढे बोट वर काढून बेअरिंगचा बुश बदलावा लागतो.

आमचा शाफ्ट गुळगुळीत निघाला. देवगडपर्यंतच्या वाऱ्यात पॅकिंग बसलं, तिथे आणखी पाव फेरा दिला आणि लॉकनट घट्ट केला.