आजींच्या प्रश्नाचे फडके

आमच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन दर जानेवारीत तीन दिवस चाले. शेलापागोटे, एकांकिका, रांगोळी, आनंदमेळा हे सारे असेच. पण मला आधी आठवते ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, कारण पहिल्या दिवशी ती गावासाठी खुली असे आणि आमचे सर सकाळी सातपासून तिथे उभे असत.

सर या महाविद्यालयात आले तेच मुळी एका संमेलनामुळे. कोल्हापूरला एम.एस्सी. करून ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रंगाच्या एका कारखान्यात लागले होते. दिवसभर नमुने तपासायचे आणि ब्युरेटवरचे, म्हणजे द्रव मोजायच्या खुणांच्या काचनळीवरचे, आकडे वहीत उतरवायचे, असे काम होते. मित्राच्या आग्रहाखातर ते संमेलनाला पाहुणे म्हणून आले आणि हळदीत बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी साबणाच्या पाण्याने लाल होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते, हा प्रयोग त्यांनी दाखवला. कुंकवात हळदीला चुना का लागतो, हे सांगताच बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. तेवढ्यात एका आजींनी विचारले, "मग बाळा, हळदीचा डाग उन्हात का रे जातो?"

सरांना त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. मुंबईला परतल्यावर ग्रंथालयात बसून त्यांनी ते शोधले: हळदीला पिवळेपणा देणारे कुरकुमिन उजेडात, विशेषतः कडक उन्हात, विघटन पावते. आजींना वाचून दाखवावे म्हणून त्यांनी प्राचार्यांना चार पानी पत्र लिहिले. प्राचार्यांनी उलट टपाली विचारले की, रजेची एक जागा वर्षभरासाठी रिकामी आहे, येता का? पगार कारखान्यापेक्षा बराच कमी होता आणि घरच्यांना हे मुळीच पसंत नव्हते. तरी सर जूनमध्ये ट्रंक घेऊन हजर झाले, आणि पुढे त्यांनी इथेच निवृत्तीपर्यंत शिकवले. ही हकीकत ते दरवर्षी सांगत, आणि प्रत्येक वेळी आजींचा प्रश्न आला की त्यांचा आवाज हळवा होई.

एका वर्षी ऐन कार्यक्रमात वीज गेली. मंडपात आरडाओरडा सुरू झाला, तेव्हा सरांनी कॅरमची पावडर आणि स्पिरिटची बाटली मागवली, मुलांना दूर उभे केले, चिनीमातीच्या बशीत दोन्ही कालवून लांब काडीने पेटवले, आणि अंधारात हिरवी ज्योत उभी राहिली. ती पावडर म्हणजे बोरिक आम्ल असते, हे आम्हांला त्या रात्री पाठ झाले. पुस्तकात ते आधी वाचलेलेच होते, पण माझ्या डोक्यात ते बसले त्या हिरव्या उजेडातच.

संमेलनाच्या सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीत हळदीने रंगवलेले पांढरे फडके टांगायचे, हा सरांचा नेम होता. अर्ध्या भागावर ते काळा कागद टाचत आणि खाली आजींचा प्रश्न लिहीत. माझ्या शेवटच्या वर्षी ते काम माझ्याकडे आले. संध्याकाळी मी कागद काढला, तेव्हा त्याखालची हळद जर्द पिवळी होती आणि उन्हाकडचा भाग फिका पडला होता. सरांनी त्या रेघेवरून बोट फिरवले आणि फडके घडी करून मागील वर्षांच्या फडक्यांवर ठेवले.