पांढऱ्यावर पांढरी टीप: गोधडी शिवताना टाका दिसावा कसा?

मशीनचे कापड पुढे सरकवणारे दात खाली पाडायचे, टाक्याची लांबी शून्यावर ठेवायची आणि कापड हाताने फिरवत गोधडीवर नक्षी काढायची. धागा कापडाच्याच रंगाचा घ्या, चुका झाकल्या जातात, असं सगळे सांगतात. खरंच झाकल्या जातात, पण शिवताना आपण कुठून आलो तेही दिसेनासं होतं. इंदूरच्या एम.टी. क्लॉथ मार्केटातल्या पांढऱ्या सुती कापडाची ६० बाय ९० इंची गोधडी मी अशी पुरी केली, तेव्हा कामी आलं ते लिहिते.

सगळा खेळ उजेडाचा. पांढऱ्यावर पांढरा धागा दिसत नसतोच; टाक्याने आतला कापूस दबून जी खाच पडते, तिची सावली तेवढी दिसते. छताची ट्यूबलाइट ही सावली पुसून टाकते, म्हणून ती बंद. अभ्यासाचा वाकणारा एलईडी दिवा मशीनच्या डावीकडे, कापडापासून सहा-सात इंचांवर, झोत आडवा पडेल असा ठेवला. उजवीकडे ठेवला की मशीनचं धड आड येतं. थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून तिरकं ऊन येतं, तेव्हा दिवाही लागत नाही.

तरीही मधूनच एखादी ओळ गायब होते. ती ओळ झोताच्याच दिशेने चाललेली असते, त्यामुळे खाचेला सावलीच पडत नाही. दिवा वीतभर पुढे-मागे सरकवा, ओळ परत दिसते. डोळे फाडून बघत बसण्यात अर्थ नाही.

मशीनचा फूट, म्हणजे सुईभोवती कापड दाबून धरणारा पाय, उघड्या तोंडाचा किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा हवा. माझ्या फूटची कड सुईपासून पाव इंचावर आहे. ती आधीच्या ओळीला लावून चाललं की अंतर आपोआप सारखं राहतं. शिवून झालेली ओळ डावीकडे, दिव्याच्या बाजूला ठेवायची.

मुख्य रेघा पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने आखल्या, मधली भरणी अंदाजाने. आखलेल्या कापडाला धुण्याआधी इस्त्री लावू नका, निळं पक्कं बसू शकतं. हवेने उडणारा जांभळा पेन पावसाळ्यात फार लवकर उडतो. मोठ्या कामाला तो नकोच.

सुई ८०/१२, धागा ५० नंबरचा सुती, टाके इंचाला दहा-बारा. आधी त्याच थरांच्या तुकड्यावर वर गडद आणि बॉबिनला, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाला, पांढरा धागा घालून दोन्ही धाग्यांचा ताण बघितला, कारण एकाच रंगात ताणाची चूक कळतच नाही. वळणावर हात मशीनपेक्षा जोरात पळाला की खालच्या बाजूला पापण्यांसारखे धागे ओढले जातात. तेव्हा हात सावकाश, पायडल थोडं जास्त.

आणि बॉबिन! रंगीत धाग्यात ती संपली की लगेच कळतं. इथे हातभर नुसती भोकं पडत जातात आणि आपण खुशाल शिवत असतो. म्हणून दर थोड्या वेळाने थांबून नुकत्याच शिवलेल्या ओळीवर नख फिरवायचं. वरचा धागा सैल उचलला गेला, तर तो ओढून काढायचा, टाके पक्के आहेत तिथवर मागे जायचं आणि अर्धा इंच जुन्या टाक्यांवरूनच नवी टीप सुरू करायची.