चकाकी उतरवताना

आपल्याकडे स्टीलच्या भांड्याची परीक्षा एकच: त्यात तोंड दिसतं का? ताट, वाटी, डबा, सगळ्यांना हाच नियम. नवं भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायचं आणि मग वर्षानुवर्षं ते घासून लखलखीत ठेवायचं. अशा घरात वाढलेल्या माणसाला सुरीच्या पात्याची चकाकी खुपावी, हे जरा उफराटंच. पण मला खुपते.

ताटाचं ठीक आहे, त्याला मांडणीत मिरवायचं असतं. सुरीला राबायचं असतं. कांदा चिरताना ओट्यावरच्या ट्यूबलाइटची तिरीप पात्यावरून थेट डोळ्यांत येते. बोटांचे ठसे उठतात, नळाचं पाणी वाळलं की पांढरे डाग पडतात. आणि एखादा चरा पडला, की दर वेळी नजर नेमकी तिथेच जाते.

गंमत म्हणजे यावरचा उपाय आणखी चरे पाडणं हाच आहे. एकटा चरा म्हणजे खोट. पण हजारो बारीक चरे एकाच दिशेने शेजारी शेजारी बसले, की तेच फिनिश म्हणून मिरवतं. उजेड आरशासारखा सरळ परत फिरण्याऐवजी विखुरतो आणि पातं मऊ, राखाडी दिसू लागतं.

त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, पुरतो, आधी ४०० नंबरचा, मग त्याहून बारीक ६०० चा. धारेवर जाड चिकटपट्टी लावायची, पातं फळीवर आडवं धरायचं. कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि मुठीकडून टोकाकडे ओढायचा. टोकाशी उचलायचा, पुन्हा मुठीपासून सुरुवात. हात भांडी घासल्यासारखा गोल फिरू पाहतो, त्याला आवरणं हेच यातलं खरं कसब. पाणी हळूहळू करडं होत जातं. पात्यातली ट्यूबलाइट आधी धूसर होते, मग तिची नुसती पांढुरकी झाक उरते. इथे थांबावं. साध्या लोखंडी तारेच्या घासणीने हे काम करू नये. तिचे कण पात्यात रुतून बसतात आणि मग तेच गंजतात.

चकाकी गेली तर सुरी गंजेल, ही भीती निम्मी खरी आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून पाहत होता, त्यातून न गंजणारं पोलाद हाती आलं. गंज अडवतो तो या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन बसणारा, डोळ्यांना न दिसणारा थर. तो खरवडला तरी पुन्हा आपसूक धरतो. पण खरखरीत पृष्ठभागावर ओल आणि मीठ जास्त वेळ टिकून राहतं, हेही तितकंच खरं. म्हणून चकाकी उतरवलेल्या पात्याला वापरल्यावर लगेच धुऊन कोरडं पुसावं लागतं.

एवढी शिस्त आमच्या घरात माझ्याशिवाय कोणालाच नाही. मीठ लागलेली सुरी ‘घासू उद्या’ म्हणत सिंकमध्ये रात्र काढते. त्यामुळे लोणच्याच्या दिवसांत मी माझी सुरी कपाटात वरच्या फळीवर ठेवतो आणि कैऱ्यांपुढे लोखंडी विळी सरकवतो. ती काळी पडली तर कोणी हळहळत नाही.