ड्रीमवीव्हरमधील खालची पट्टी

ड्रीमवीव्हर हे वेबपाने तयार करण्याचे सॉफ्टवेअर शिकवताना बहुतेक ठिकाणी वरच्या मेनूंपासून सुरुवात होते आणि शिकणारा फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट असे एकेक पाठ करत बसतो. माझ्या मते सुरुवात खालून करावी. मॅक्रोमीडियाने 1997 मध्ये आणलेले हे सॉफ्टवेअर 2005 मध्ये त्या कंपनीसह अ‍ॅडोबीकडे गेले आणि पॅनेलांची मांडणी वेळोवेळी बदलत राहिली. परंतु पानाच्या खिडकीच्या तळाशी असलेली टॅग सिलेक्टरची, म्हणजे पानाच्या कोडमधील खुणा (टॅग) निवडून देणारी बारीक पट्टी टिकून आहे, आणि नवख्याचे लक्ष नेमके तिच्याकडेच जात नाही.

पानावरील मेनूतल्या एखाद्या लिंकवर कर्सर ठेवला, की त्या पट्टीत बॉडी, नॅव्ह, यूएल, एलआय, ए अशी टॅगांची उतरंड उमटते; यूएल म्हणजे पूर्ण यादी, एलआय तिच्यातील एक नोंद आणि ए म्हणजे लिंक. पान दिसते तसे दाखवणाऱ्या डिझाइन व्ह्यूमध्ये एलआय कुठे संपतो आणि यूएल कुठे सुरू होतो हे नजरेला कळत नाही, त्यामुळे माउस ओढून पूर्ण यादी निवडू पाहणाऱ्याच्या हाती कधी एक ओळ जास्त लागते, तर कधी शेवटचा टॅग बाहेर राहतो. पट्टीतील यूएलवर क्लिक केल्यास नेमकी तेवढीच यादी निवडली जाते, आणि कोड आणि पान एकत्र दाखवणारा स्प्लिट व्ह्यू उघडा असेल तर कोडमध्येही ती कुठून कुठपर्यंत आहे ते दिसते.

प्रॉपर्टीज पॅनेल याच निवडीवर चालते. मजकूर निवडला तर तेथे फॉरमॅट आणि लिंक यांचे रकाने येतात. चित्र निवडले तर रुंदी, उंची आणि पर्यायी मजकूर. ‘काल होता तो रकाना आज दिसत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसून निवडीत असते. पॅनेलच गायब असेल, तर ते विंडो मेनूतून उघडता येते.

साइटच्या फाइली दाखवणाऱ्या फाइल्स पॅनेलचा उपयोग मात्र साइट मेनूतून न्यू साइट करून फोल्डर नेमून दिल्यावरच कळतो. ते काम आधी उरकावे.

उरली पॅनेलांची गर्दी. एफ4 दाबले की सगळी पॅनेल एकदम बाजूला होतात, पण टॅगची पट्टी पानाच्या खिडकीचाच भाग असल्यामुळे जागेवर राहते. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर मी बराच वेळ याच अवस्थेत काम करतो.