दोन नळ्यांचा धूर

जुनी राजदूत 350 मोटारसायकल बघायला जाताना विकणाऱ्याला वेळ कळवू नये, असं माझं ठाम मत आहे. वेळ कळली की तो आधीच एक चक्कर मारून आणतो आणि आपण पोचल्यावर एका किकमध्ये गाडी सुरू करून आपल्या तोंडाकडे बघतो. म्हणून इंदूरचं सुदामा नगर असो की जवळचं महू, मी नमस्काराच्याही आधी सिलिंडरवर हात ठेवतो. गरम लागला, तर चहाला ‘नको’ म्हणत नाही. आमचे मालवा मिलकडचे मेकॅनिक उस्ताद तर सरळच सांगतात, ‘‘भिया, पहले इसको ठंडी होने दो.’’

नावाला राजदूत, पण मुळात ती यामाहाची आरडी 350. जपानमध्ये 1973ची, एस्कॉर्ट्स कंपनीनं 1983मध्ये ती इथे आणली आणि येता येता पुढचा डिस्क ब्रेक तिकडेच राहिला. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर आणि थांबवायला ड्रम ब्रेक! आधीच्या गाड्या साडेतीस अश्वशक्तीच्या, ‘हाय टॉर्क’. पेट्रोल वाचावं म्हणून नंतर 27वर उतरवलेल्या ‘लो टॉर्क’. (विकायला निघालेली प्रत्येक गाडी हाय टॉर्कच असते. बाकीच्या कुठे गेल्या, देव जाणे.)

रंगाकडे मी बघतही नाही. नवा चकचकीत रंग दिसला की उलट शंकाच येते. बघायचा तो धूर, आणि इथे सोय अशी की दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर. एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून बघता येते. टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, सुरुवातीला धूर येणारच. पण इंजिन तापल्यावरही उजव्या नळीतून पांढरा धूर थांबत नसेल, तर क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं) उजवं ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी कडी, गेलंय आणि गिअरबॉक्सचं ऑइल जळतंय. डावं सील गेलं तर धूर दिसत नाही. आत हवा ओढली जाते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा आवाज लवकर खाली येत नाही. मला डाव्याची भीती जास्त. त्यात हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होतो.

मग ऑइल पंपाचा वाद. यामाहानं टू-टी ऑइलला वेगळी टाकी आणि पंप दिलाय. पण बऱ्याच गाड्यांत कुणीतरी तो काढून टाकलेला असतो आणि ऑइल थेट पेट्रोलमध्ये ओततात. राजवाड्याभोवती हिंडायला ठीक. पण ओंकारेश्वरला निघालात, भेरूघाट लागला, ड्रम ब्रेकवर भरवसा नाही म्हणून अ‍ॅक्सिलरेटर बंद करून गिअरवरच गाडी आवरत उतरलात, की इंजिन फिरतंय जोरात आणि पेट्रोल जातंय नावापुरतं. पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. पंप असेल तर तेवढ्यातही थोडं पोचत राहतं. पंप काढलेली गाडी स्वस्त मिळाली, तरी तो परत बसवायचा खर्च मी मनात धरूनच भाव करतो.

कागद मी शेवटी बघतो, आई सगळ्यात आधी. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. ती केलीय का, इंजिन आणि चॅसी नंबर आरसीशी जुळतात का, हे तिला आता पाठ झालंय. मग विचारते, ‘‘अरे, पण मायलेज काय देते?’’ लिटरला वीस-पंचवीस हा आकडा मी लगेच सांगत नाही. आधी सहा गिअरचं सांगतो.